मद्रासचे गाडीखाने : गारव्याचा एक दुर्लक्षित इतिहास

इतिहास राजवाड्यांचा लिहिला जातो, देवळांचा लिहिला जातो. अलीकडे सामान्य माणसाच्या घराचाही लिहिला जाऊ लागला आहे. परंतु घराच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या गाडीखान्याचा इतिहास कोणी लिहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली त्या आपल्यासारख्या लोकांना मात्र गाडीखाना पुष्कळ ओळखीचा असतो. नव्या गावी सामान प्रथम उतरते ते तेथे. घरात न मावणारी खोकी वर्षानुवर्षे पडून राहतात ती तेथे. आणि उन्हाळा लागला की ‘आत पाय ठेववत नाही’ अशी पहिली तक्रार येते तीही त्याच जागेची. ही तक्रार मद्रासमध्ये, म्हणजे १९९६ पासून जिला आपण चेन्नई म्हणतो त्या नगरीत, निदान दोनशे वर्षांची जुनी आहे. तिला त्या त्या काळाने काय उत्तर दिले हे पाहू लागले म्हणजे केवळ बांधकामाचाच नव्हे, तर माणसामाणसांतील नात्यांचाही एक छोटासा इतिहास हाती लागतो.

प्रथम उन्हाची ओळख करून घेतली पाहिजे. कारण सर्वच ऊन एका जातीचे नसते. आपल्यापैकी नागपूर-अकोल्याकडून आलेल्यांना मद्रासचा पारा पाहून प्रारंभी हसू येते. वैशाखात तेथे बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांची सवय झालेल्या माणसाला मद्रासचे सदतीस-अडतीस अंश म्हणजे किरकोळ वाटतात. चार दिवसांत हे हसू मावळते. मद्रासच्या हवेत समुद्र विरघळलेला असतो. अंगावर आलेला घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून शरीराला गारवा नाही. पुन्हा, पारा येथे वर चढतच नाही असेही नव्हे. नुंगंबाक्कम येथे १७९२ मध्ये वेधशाळेची इमारत उभी राहिली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे हवामानाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. त्याच नुंगंबाक्कमच्या केंद्रावर ३१ मे २००३ रोजी ४५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तमिळ पंचांगात सूर्य भरणीच्या उत्तरार्धातून निघून, कृत्तिका ओलांडून रोहिणीत शिरेपर्यंतच्या, मे महिन्यातील सुमारे साडेतीन आठवड्यांच्या काळाला ‘अग्निनक्षत्र’ किंवा ‘कत्तिरि’ म्हणतात. या काळात पश्चिमेकडून कोरडा भूवारा सुटतो आणि दुपारच्या सुमारास समुद्रावरून येणारा वारा त्याला परतवून लावतो. ज्या दिवशी समुद्राचा वारा बारा-एक वाजता येतो तो दिवस सुसह्य. ज्या दिवशी तो रुसतो तो दिवस असह्य. मद्रासच्या घराची सारी रचना या एका पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून केलेली असते.

दुसरी गोष्ट सूर्याच्या स्थानाची. मद्रासचा अक्षांश तेरा अंश. त्यामुळे एप्रिलच्या चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी आणि पुन्हा ऑगस्टच्या अठराव्या दिवसाच्या आसपास सूर्य तेथे मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. आणि या दोन तारखांच्या दरम्यान, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तो दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. ‘उत्तरेची भिंत सावलीची’ हा उत्तर हिंदुस्थानात कामाला येणारा नियम येथे त्या चार महिन्यांपुरता खोटा ठरतो. भिंतींपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, उन्हाचा मुख्य मारा येथे छपरावर होतो. दहा फूट रुंद व सोळा फूट लांब अशा साध्या गाडीखान्याचे छप्पर धरले तर त्यावर मध्यान्ही पडणारी सूर्याची शक्ती सुमारे पंधरा किलोवॅट भरते. विजेच्या पंधरा शेगड्या एकाच वेळी पेटवून माथ्यावर मांडल्या आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे आत ठेवलेल्या मोटारीचे, आणि मोटारीजवळ बसलेल्या माणसाचे, काय होत असेल ते ध्यानात येईल.

मोटार येण्यापूर्वी मद्रासमध्ये गाड्या होत्या आणि त्यांना घरेही होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज व्यापारी व अधिकारी किल्ल्यातील दाटीवाटीतून बाहेर पडून आसपासच्या मैदानात बागांमध्ये घरे बांधू लागले. एग्मोर, नुंगंबाक्कम, अड्यार या बाजूंना हे ‘बागबंगले’ पसरले. किल्ला ते बंगला हे अंतर पायी तोडण्याजोगे नव्हते. प्रथम पालख्या होत्या, मग घोडागाड्या आल्या. आणि गाडी आली की घोडा, मोतद्दार, गाडीवान व त्या सर्वांचे छप्पर हे ओघानेच आले. १८४० मध्ये मद्रासला सिम्प्सन आणि कंपनी ही पेढी निघाली ती घोड्यांचे साज आणि गाड्या बनविण्यासाठीच. उत्तम गाडी हा त्या काळी फार मोलाचा व तितकाच नाजूक जिन्नस होता. तिच्या लाकडी अंगावर रोगणाचे एकावर एक हात दिलेले असत. आत कातडे, कापड व घोड्याचे केस भरलेल्या गाद्या. अशी गाडी उन्हात राहिली की रोगणाला भेगा पडत, कातडे तडके, आणि चाकांचे आरे वाळून तुंब्यात खिळखिळे होत. आरे आकसले की लोखंडी धाव सैल होते हे आपल्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल; म्हणून तर तो उन्हाळ्यात चाके काढून नदीच्या डोहात घालून ठेवतो. साहेबाची गाडी डोहात घालता येत नाही. सारांश, गाडीखाना गार ठेवणे ही चैनीची बाब नव्हती; ती मालमत्तेच्या रक्षणाची बाब होती.

हे रक्षण ज्या विद्येने केले ती साहेबाने समुद्रापलीकडून आणलेली नव्हती. ती येथील चुनेवाल्यांची व गवंड्यांची विद्या होती. मद्रासचा चुना शिंपल्यांचा. शिंपले भाजून, भिजवून, महिनोन्महिने मुरवून त्याची जी कालवण होई, तिच्यात शेवटच्या हातासाठी अंड्याचा पांढरा बलक, दही, तूप, गूळ अशा वस्तू मिसळीत आणि गुळगुळीत दगडांनी ती भिंतीवर इतकी घोटीत की भिंतीत संगमरवरासारखे तोंड दिसावे. १७८० च्या सुमारास मद्रासला उतरलेल्या विल्यम हॉजेस या चित्रकाराला समुद्रावरून दिसलेली ही पांढरीशुभ्र, खांबाखांबांची, सपाट छपरांची नगरी प्राचीन ग्रीक नगरीसारखी भासली. सौंदर्याची ही वाखाणणी रास्तच होती. परंतु त्या शुभ्रतेचा खरा उपयोग डोळ्यांना नव्हता, उन्हाला होता. ताजा चुना आपल्यावर पडलेल्या उन्हाचा फार मोठा भाग जसाच्या तसा परत फेकून देतो. जुने, काळवंडलेले छप्पर तोच भाग पिऊन टाकते आणि रात्रभर ओकीत बसते.

भिंतीपेक्षा अधिक मोलाचे होते ते छप्पर. ‘मद्रास टेरेस’ या नावाने ते पुढे हिंदुस्थानभरच्या बांधकाम खात्यांत प्रसिद्धी पावले. सागवानी तुळया जवळजवळ टाकायच्या. त्यांच्यावर लहान पातळ विटा कडेवर उभ्या करून, तिरक्या ओळींत, चुन्यात बसवायच्या. त्यावर विटांचे तुकडे व चुना यांचा चार बोटे जाडीचा थर घालून तो लाकडी थापट्यांनी दिवसचे दिवस बडवायचा. बडविताना वर गुळाचे आणि हिरड्याचे पाणी शिंपडीत राहायचे. आणि शेवटी पातळ सपाट कौले चुन्यात बसवून सांधे बंद करायचे. हे बडविण्याचे काम बहुधा स्त्रिया ओळीने बसून, तालावर करीत. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील वाचकांना यात आपल्या माळवदाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही तुळया आणि किलच, तेथेही वर हातभर जाडीचा थर. फरक इतकाच की आपला थर पांढऱ्या मातीचा आणि मद्रासचा विटा-चुन्याचा. पाऊस कमी तेथे माती पुरते. ईशान्येचा मोसमी पाऊस कार्तिकात कोसळतो तेथे चुना लागतो. तत्त्व मात्र एकच. जाड आणि जड थरातून उष्णता धीमेपणाने उतरते. दुपारी बाराचा ताप खालच्या खोलीला रात्री सात-आठ वाजता कळतो, आणि तोवर समुद्राचा वारा सुटलेला असतो. बिऱ्हाड बैठकीच्या खोलीतून उठून गच्चीवर निजायला जाते ते याच वेळी. दिवसा छपराखाली आणि रात्री छपरावर, हा या घरांचा दिनक्रम होता.

येथे तंजावरचा उल्लेख केला नाही तर प्रस्तुत मासिकाच्या वाचकांवर अन्याय होईल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी स्थापिलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजी राजांच्या सरस्वती महालाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. परंतु या राजघराण्याने रामेश्वराच्या वाटेवर बांधलेल्या छत्रांची आठवण आपण क्वचितच काढतो. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. छत्र म्हणजे केवळ अन्नछत्र नव्हे. वाटसरूची पाठ टेकावी आणि माथ्यावरचे ऊन काही काळ थांबावे अशी ती व्यवस्था होती. रुंद ओसऱ्या, दगडी खांब, भोवती झाडी. बागबंगल्यातील गाडीखाना हा एका मालकाच्या एका गाडीसाठी होता. छत्राची सावली जो येईल त्याच्यासाठी होती. गारवा हा खाजगी जिन्नस आहे की सार्वजनिक, हा प्रश्न आज आपल्याला नवा वाटतो. मराठ्यांनी तमिळ भूमीत त्याचे एक उत्तर देऊन ठेवलेले आहे.

याच शतकात मद्रासला गारव्याचे एक अगदी निराळे घर उभे राहिले. अमेरिकेतील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने न्यू इंग्लंडच्या तळ्यांवरील बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने पाठविण्याचा धंदा काढला होता. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्यास पोहोचला, आणि १८४० नंतर मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याचे गोल बर्फघर बांधले गेले. कलकत्ता व मुंबई येथील अशी बर्फघरे नाहीशी झाली. मद्रासचे अजून उभे आहे. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार बुडाला. बिळिगिरी अय्यंगार नावाच्या वकिलांनी ती वास्तू घेतली आणि माणसांनी राहावे म्हणून तिला खिडक्या व सज्जे पाडले. १८९७ मध्ये परदेशाहून परतलेले स्वामी विवेकानंद येथेच उतरले होते, आणि १९६३ पासून तिला ‘विवेकानंदर इल्लम’ असे नाव आहे.

बर्फघर आणि गाडीखाना यांची तुलना बोधप्रद आहे. बर्फघरात गारव्याचा उगम आत होता आणि शत्रू बाहेर. म्हणून तेथे भिंती जाड, दारे थोडी आणि वारा अस्पृश्य. गाडीखान्याचे, निदान मोटारीच्या गाडीखान्याचे, नेमके उलटे असते. तेथे एक शत्रू छपरावर असतो आणि दुसरा आपणच हाताने दार उघडून आत आणतो. पेट्रोलवर चालणारे यंत्र जेवढी उष्णता निर्माण करते तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांना मिळतो. बाकीची धुराबरोबर, पाण्याच्या टाकीतून आणि तापलेल्या लोखंडातून बाहेर पडते. गाव फिरून आलेली मोटार आत लोटून दार लावून घेणे म्हणजे पेटलेली शेगडी कपाटात ठेवण्यासारखे आहे. म्हणून बर्फघर बंद हवे आणि गाडीखाना उघडा हवा. वाऱ्यावाचून त्याला दुसरा वैद्य नाही.

पण मोटार आली तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि ते स्वाभाविकही होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मद्रासच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. १९०३ मध्ये सिम्प्सनच्या कारखान्यात वाफेवर चालणारी एक गाडी बांधण्यात आली. ‘एम सी १’ हा मद्रासचा पहिला क्रमांक बंदराचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या मोटारीचा होता. आणि मद्रासमध्ये मोटार घेणारे पहिले भारतीय म्हणून नंबेरुमाळ चेट्टी यांचे नाव घेतले जाते. उच्च न्यायालयाच्या बांधकामाचे कंत्राटदार म्हणून त्यांची ख्याती होती. या पहिल्या मोटारी घोड्यांच्या जुन्या जागी राहू लागल्या. ही सोय त्यांना मानवली. कारण गाडीखाना उंच, वर मद्रास टेरेस, दारांच्या जागी लाकडी पट्ट्यांच्या झडपा, आणि मुख्य घरापासून चार पावले दूर. घोड्यांच्या वासासाठी राखलेले हे अंतर पेट्रोलच्या भीतीसाठीही उपयोगी पडले. त्या काळी पेट्रोल डब्यांतून विकत मिळे आणि घरी साठवावे लागे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते; ती वर न जाता जमिनीलगत साचते. म्हणून केवळ छपराजवळ झरोके ठेवून भागत नाही, जमिनीजवळही जाळी लागते. वरचा झरोका उष्णतेसाठी, खालची जाळी वाफेसाठी, आणि दोन्ही मिळून वाऱ्यासाठी, असा हा हिशेब आहे.

खरा बदल झाला तो पुढच्या पिढीत. मांबळमचे विस्तीर्ण तळे आटवून १९२० नंतरच्या वर्षांत त्यागरायनगर वसविण्यात आले, आणि वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी अशा मध्यमवर्गीयांची घरे आटोपशीर तुकड्यांवर उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मद्रासच्या परिसरातच मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. १९४८ मध्ये निघालेल्या अशोक मोटर्सने एन्नोरला ऑस्टिन गाड्या जुळविल्या. पुढे स्टँडर्डच्या गाड्याही मद्रासच्याच झाल्या. मोटार मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली, पण बागबंगल्याचे आवार काही त्याच्या आटोक्यात नव्हते. मग गाडीखाना आकसत आकसत मागच्या कोपऱ्यात गेला. त्याची एक भिंत कुंपणाची, दुसरी शेजाऱ्याची. वर पन्हळी पत्रा किंवा चार-पाच इंचांचा काँक्रीटचा थर. पुढे लोखंडी पत्र्याचे दार, आणि तेही बहुधा जेथे रस्ता असेल तिकडे, मग ती पश्चिम का असेना. हा पन्हळी पत्रा १८२९ मध्ये लंडनच्या गोद्यांसाठी हेन्री पामर याने शोधून काढला. थंड आणि ओल्या देशात, पाऊस अडविण्यासाठी त्याचा जन्म झाला. आपल्याकडे येऊन तो तवा झाला. त्याच्या जागी पुढे ॲस्बेस्टॉसचे पत्रे आले. ते थोडे कमी तापतात हे खरे. परंतु त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते हे ज्ञान आपल्याला फार महाग पडले.

काँक्रीटला मद्रासच्या गवंड्यांनी आपल्या परीने माणसाळविले होते, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. काँक्रीटच्या छपरावर विटांचे तुकडे व चुना यांचा तोच जुना थर आणि त्यावर तीच सपाट कौले देण्याची चाल त्यांनी चालू ठेवली. जुन्या मद्रास टेरेसच्या सागवानी तुळया गेल्या, पण तिची पाठ तेवढी नव्या छपरावर जिवंत राहिली. मात्र घराच्या छपराला जी पाठ मिळाली ती गाडीखान्याच्या छपराला पुष्कळदा नाकारण्यात आली. ‘तेथे कोण राहतो आहे?’ असा त्यामागचा युक्तिवाद असे.

तेथे कोणी तरी राहतच होते. या इतिहासाचा मर्मबिंदू हाच आहे. बागबंगल्याच्या काळी घोड्यांच्या शेजारच्या खोलीत मोतद्दार आणि गाडीवान बिऱ्हाडे करून राहत. मोटारीच्या काळात ती खोली वर चढली. गाडीखान्याच्या माथ्यावर, लोखंडी जिन्याने जाण्याजोगी, एक बुटकी खोली मोटारचालकासाठी बांधण्याची रीत पडली. वर उघडे काँक्रीट, खाली मोटारीची धग. पश्चिमेला एक खिडकी. गाडी सावलीत राहावी म्हणून माणूस उन्हात ठेवण्याची ही व्यवस्था होती, आणि ती कोणी दुष्टबुद्धीने केली होती असेही म्हणता येत नाही. नकाशावर ती ‘जागेचा सदुपयोग’ म्हणूनच दिसे. चाकांचे आरे आकसतात याची काळजी ज्या संस्कृतीने केली, तिला त्या खोलीतल्या तान्ह्या मुलाच्या अंगावरचे घामोळे दिसले नाही. सरकारी वसाहतींतून आपल्यापैकी अनेकांनी अशा खोल्या पाहिल्या असतील. आणि तितक्याच सहजपणे आपण त्यांच्याकडे पाहायचे विसरलोही असू.

गारव्याचा स्वस्त उपाय गरिबाजवळ एकच होता, तो म्हणजे झावळ्या. नारळीच्या विणलेल्या झापांना तमिळमध्ये ‘कीट्रु’ म्हणतात आणि त्यांनी शाकारलेल्या मांडवाला ‘कोट्टगै’. हा शब्द तमिळ कोशकार संस्कृत ‘गोष्ठक’ शब्दापासून काढतात. म्हणजे आपल्या गोठ्याचा तो भाऊच झाला. कोकणातील माणसाला झापांचा गुण वेगळा सांगायला नको. झापाचे छप्पर हलके, त्यातून वारा झिरपतो, ते तापले तरी उष्णता साठवीत नाही, आणि संध्याकाळ होताच निवते. अनेकांनी काँक्रीटच्या गच्चीवर हात-दीड हात अंतर सोडून झापांचे दुसरे छप्पर घातले आणि खालच्या खोलीची धग निम्म्याने उतरली असे वाटावे इतका फरक अनुभवला. पण या उपायाला एक भयंकर बाजू आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून उठलेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि चौऱ्याण्णव मुले दगावली. त्यानंतर शाळांवरची अशी छपरे काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले. परंतु झावळी गेली तेथे सर्वत्र चुना आला नाही. पुष्कळ ठिकाणी पत्राच आला. आगीपासून वाचलेली माणसे उन्हाच्या हवाली झाली. गाडीखान्यात तर पेट्रोल असते. तेथे झावळीचा विचारही करू नये. सुरक्षितता आणि गारवा यांचा मेळ घालणे हे अवघड काम असते, आणि ते अर्धवट सोडले की त्याची किंमत नेहमी छपराखालचा माणूसच देतो.

उपायांचा विचार केला तर जुन्या गवंड्याला ठाऊक असलेल्या गोष्टींत नव्या शास्त्राने फारशी भर घातलेली नाही. उलट त्यांना आकड्यांचा आधार दिला आहे. पहिला उपाय चुन्याचा : छपराला दरवर्षी फाल्गुनात पांढरा हात. कार्तिकातला पाऊस आदल्या वर्षीचा चुना धुऊन नेतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या तोंडाशीच करावे लागते. दुसरा सावलीचा : पश्चिमेस कडुनिंब किंवा करंज. मद्रासमध्ये करंजाला ‘पुंगम’ म्हणतात, आणि ऐन चैत्र-वैशाखात नव्या पालवीने हिरवागार होणाऱ्या या झाडाची सावली तेथे नावाजलेली आहे. तिसरा वाऱ्याचा : दक्षिण-पूर्वेस खाली जाळी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका, म्हणजे समुद्राचा वारा वाट चुकणार नाही. चौथा उपाय सवयीचा : बाहेरून आलेली मोटार अर्धा-पाऊण तास दार उघडे ठेवून निवू द्यावी. विजेचा घट उष्णतेने लवकर मरतो. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंश वाढीमागे त्याचे आयुष्य निम्मे होते. तेव्हा ज्यांना माणसाची कणव येत नसेल त्यांनी निदान घटाची करावी. वाळ्याच्या ताट्यांचा नागपुरी उपाय मात्र येथे मर्यादितच चालतो. सकाळच्या कोरड्या भूवाऱ्यात त्या उपकारक ठरतात. समुद्राचा दमट वारा सुटला की त्यांच्यावरचे पाणी वाळत नाही, आणि ओल तेवढी वाढते. परप्रांतात नेलेली प्रत्येक सवय तेथील वाऱ्याला विचारून घ्यावी लागते, हे बदलीच्या नोकराला समजावून सांगायला नको.

कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासला शिकलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी करून अखेर मद्रासला परतले व १८९१ मध्ये तेथेच वारले. मराठी घरात जन्म, तमिळ देशात वाढ आणि तीन संस्थानांत चाकरी अशा या पुरुषाच्या काळी मद्रासच्या आवारांत जे गाडीखाने होते, त्यांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. जागेच्या किमती वाढल्या, बंगले पाडले गेले, आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. या इमारतींचा तळमजला आता खांबांवर मोकळा ठेवून मोटारींना दिलेला असतो. इतिहासाची गंमत अशी की, चारी बाजूंनी उघडी, डोक्यावर चार-पाच मजल्यांची सावली असलेली ही जागा साऱ्या इमारतीत सर्वांत गार असते. जे जुन्या गवंड्याने सांगितले तेच येथे नकळत साधले गेले आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब मात्र उघड्या काँक्रीटखाली भाजते आणि यंत्राने खोली गार करण्यासाठी वीज जाळते. मोतद्दाराची खोली तेवढी आता मालकाच्या वाट्याला आली. आणि या खालच्या गारव्यालाही समुद्राने व पावसाने आपली अट घातलेली आहे. डिसेंबर २०१५ च्या महापुरात, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ च्या वादळात, हे खोलगट तळमजले पाण्याने भरले आणि मोटारी बुडाल्या.

जेथे जुनी घरे टिकली आहेत तेथे गाडीखान्याचे आणखी एक रूपांतर झालेले दिसते. मोटार रस्त्यावर उभी असते आणि गाडीखान्यात शिंप्याचे, इस्त्रीवाल्याचे किंवा किराण्याचे दुकान, नाही तर परगावाहून आलेल्या चार तरुणांचे बिऱ्हाड असते. दाराचा लोखंडी पत्रा तोच, छप्पर तेच. ‘तेथे कोण राहतो आहे?’ या जुन्या प्रश्नाचे उत्तर आता कोणालाही नाकारता येण्यासारखे राहिलेले नाही.

म्हणून या लहानशा इतिहासातून निघणारा बोध मोटारीविषयीचा नाही. ओरत्तनाडूच्या छत्रापासून त्यागरायनगरच्या पत्र्यापर्यंत गारवा निर्माण करण्याची विद्या या भूमीत कधीच कमी नव्हती. ती कोणाच्या छपरावर वापरायची एवढाच निर्णय वेळोवेळी झाला. नव्या ठाण्यावर गेल्यावर आपण घराच्या खोल्या मोजतो, पाण्याची चौकशी करतो, शाळा किती लांब हे विचारतो. त्याच फेरीत दुपारी दोन वाजता गाडीखान्यात, आणि वर खोली असेल तर त्या खोलीत, पाच मिनिटे उभे राहून पाहावे. तेथे उभे राहवले नाही तर चुन्याचा खर्च मंजूर करून घेण्यासाठी वेगळे टिपण लिहावे लागणार नाही.